यादी सकाळी सुलटी, संध्याकाळी उलटी: वाचायला दिलेली यादी कोण बदलतं आणि ते कायमचं कसं थांबवायचं

आधी लक्षण. कल्याणीनगरमधल्या एका ऑफिसच्या अंतर्गत पोर्टलवर पुणे मेट्रोच्या वनाझ ते रामवाडी मार्गाची स्थानकं दाखवणारं छोटंसं पान आहे. मागे जावा भाषा, वेब ॲप बनवायची चौकट स्प्रिंग बूट, दोन सर्व्हर. सकाळी सगळं व्यवस्थित चालतं. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला तक्रारी सुरू होतात: परतीचा प्रवास निवडला तरी यादी वनाझपासूनच सुरू होते. रिफ्रेश केलं की बरोबर येते, पुन्हा रिफ्रेश केलं की चूक. कधीकधी गरवारे कॉलेज दोनदा दिसतं आणि रुबी हॉल गायब असतं. कोणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं, यादी सरळ होते, तिकीट (तक्रारीची नोंद) बंद होतं. चार दिवसांनी तेच तिकीट पुन्हा उघडतं.

पहिला संशय ब्राउझरच्या कॅशवर जातो, मग सर्व्हरांमध्ये विनंत्या वाटणाऱ्या लोड बॅलन्सरवर. दोघांचाही काही संबंध नाही. रीस्टार्ट केल्यावर बरं वाटणं, युनिट टेस्ट (कोडचे छोटे तुकडे आपोआप तपासणाऱ्या) कायम हिरव्या, म्हणजे पास असणं आणि एका माणसाने काय निवडलं त्याचा परिणाम दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसणं, ही तीन लक्षणं एकत्र आली की मी सरळ एकच गोष्ट शोधायला लागते: मेमरीत सगळ्यांसाठी मिळून ठेवलेली एक यादी, आणि ती परस्पर बदलणारा कोणीतरी.

या पानाचा कोड असा होता. 'मार्ग' नावाच्या क्लासमध्ये स्थानकांची ॲरेलिस्ट (जावातली साधी, बदलता येणारी यादी), ॲप सुरू होताना एकदा भरलेली. तिचा गेटर, म्हणजे ती बाहेर देणारी मेथड, तीच यादी जशीच्या तशी परत देतो. आणि सर्व्हिसमध्ये या तीन ओळी:

लिस्ट<स्थानक> यादी = मार्ग.स्थानके();
इफ (परतीचा) कलेक्शन्स.रिव्हर्स(यादी);
रिटर्न यादी;

वाचताना तिन्ही ओळी निर्दोष वाटतात. पण 'यादी' ही नवीन यादी नाहीच, तो मूळ यादीचाच दुसरा संदर्भ (त्याच यादीकडे बोट दाखवणारं दुसरं नाव) आहे. कलेक्शन्स.रिव्हर्स नवं काही बनवत नाही, हातात दिलेली यादी जागच्या जागी उलटवतं. म्हणजे परतीची पहिली विनंती आली की मूळ यादी उलटी झाली, आणि ती तशीच राहिली. दुसरी आली की पुन्हा सरळ. परतीच्या विनंत्या संध्याकाळीच जास्त येतात, म्हणून तक्रारीही संध्याकाळीच. दोन सर्व्हरवर दोन वेगळ्या याद्या, म्हणून रिफ्रेशगणिक वेगळं उत्तर. दोन विनंत्या एकाच क्षणी उलटवायला लागल्या की अदलाबदली एकमेकींच्या मध्ये घुसतात आणि एखादं स्थानक दोनदा, तर दुसरं गायब. टेस्टमध्ये मात्र दर वेळी नवीन 'मार्ग' तयार होतो आणि एकदाच उलटवला जातो, त्यामुळे तिथे हे कधीच दिसत नाही. यादीच्या फील्डला `फायनल` लावलेलं होतं, पण फायनल फक्त संदर्भ बांधून ठेवतं. यादीच्या आतल्या घटकांना त्याचं काही बंधन नाही.

गुन्हेगार शोधायचा कसा

इतक्या छोट्या पानात ओळ डोळ्यांनी सापडते. मोठ्या कोडमध्ये तीच यादी साठ ठिकाणी वापरलेली असते आणि नुसतं वाचून कोण बदलतंय ते कळत नाही. मी अशा वेळी गेटरमध्ये एकच बदल करते: `रिटर्न कलेक्शन्स.अनमॉडिफायेबललिस्ट(स्थानके);`. याला मी आवरण म्हणते, यातून मूळ यादी फक्त वाचता येते. हा बदल स्टेजिंगवर (प्रत्यक्ष वापराआधीच्या चाचणी सर्व्हरवर) टाकायचा आणि नेहमीचा वापर होऊ द्यायचा. जो कोणी यादीला हात लावेल त्याच्या ओळीवर अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन पडेल आणि स्टॅक ट्रेसमध्ये (चूक कुठल्या कॉलमधून आली त्या यादीत) फाइल आणि ओळ क्रमांक आयता मिळेल. लॉग उघडून तास घालवण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं. फक्त वाटेत कोणी सरसकट एक्सेप्शन पकडून गिळत नाही ना, ते आधी तपासा. तसं असेल तर चूक लपते आणि पान नुसतंच रिकामं येतं.

हे एक्सेप्शन लॉगमध्ये बहुधा संदेशाशिवाय येतं, पुढे नुसतं 'नल' लिहिलेलं असतं. त्यामुळे नवखी मुलं गोंधळतात आणि नल पॉइंटर (रिकाम्या संदर्भाची चूक) शोधत बसतात. ट्रेसची सर्वात वरची ओळ वाचा, तीच सगळं सांगते. तिथे 'कलेक्शन्स' आणि 'अनमॉडिफायेबल...' असं दिसलं तर कोणीतरी यादीला आवरण घातलेलं आहे. 'इम्युटेबलकलेक्शन्स' आणि 'यूओई' दिसलं तर ती लिस्ट.ऑफ, लिस्ट.कॉपीऑफ किंवा स्ट्रीमच्या टूलिस्टमधून आलेली, खरोखरच न बदलणारी यादी आहे. आणि 'ॲबस्ट्रॅक्टलिस्ट.ॲड' दिसलं तर बहुतेक वेळा ॲरेज.ॲजलिस्ट. हिच्याबाबत जरा जास्त सावध राहा. गेटक्लास छापून पाहिलं तर नावाच्या शेवटी 'ॲरेलिस्ट' दिसतं आणि माणूस फसतो. पण ती जावा.यूटिल.ॲरेज या क्लासच्या आतली वेगळीच ॲरेलिस्ट आहे. तिच्यात भर घालता येत नाही, काढता येत नाही, पण जागेवरची किंमत बदलता येते, आणि बदल मूळ ॲरेपर्यंत पोचतो. म्हणजे वरचं रिव्हर्स तिच्यावर बिनबोभाट चालेल. ॲजलिस्ट वापरली म्हणून आपण सुरक्षित आहोत असं समजणारे बरेच कोड मी रिव्ह्यूमध्ये थांबवले आहेत.

दुरुस्ती करताना हेच तिकीट परत का येतं

एक्सेप्शन पडलं की सर्वात सोपा उपाय सगळ्यांना सुचतो: जिथे पडलं तिथे `न्यू ॲरेलिस्ट<>(यादी)` करून टाकायचं. त्या एका जागेपुरतं ते बरोबरच आहे. पण घाईत दुसरं काहीतरी घडतं: डिलिव्हरी जवळ आली म्हणून कोणीतरी गेटरवरचं आवरणच काढून टाकतं, कारण 'ते आल्यापासून ॲप पडतंय'. ॲप आधीही चुकतच होतं, फक्त मुकाट्याने. आवरणामुळे ते बोलायला लागलं. त्यामुळे आवरण काढण्याचा पुल रिक्वेस्ट (बदल कोडमध्ये घेण्याची विनंती) आला तर तो अडवा आणि आधी विचारा: ही यादी कोणाच्या मालकीची, आणि घेणाऱ्याला नक्की काय हवंय, चालू स्थिती की त्या क्षणाची प्रत?

हा फरक नीट समजून घेतला की अर्धं काम झालं. सोसायटीचा कुलूपबंद काचेचा नोटीस बोर्ड असतो ना, तसं अनमॉडिफायेबललिस्ट. बाहेरून वाचता येतं, हात लावता येत नाही. पण किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि ते आतला कागद बदलतात तेव्हा तुम्हाला नवा कागद दिसतो. लिस्ट.कॉपीऑफ म्हणजे त्याच बोर्डचा मोबाइलवर काढलेला फोटो. बोर्डवर पुढे काहीही होवो, फोटो तोच.

मेट्रोच्या यादीतच याचं खरं उदाहरण आहे. रामवाडीपर्यंतचा मार्ग मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, पण मधलं येरवडा स्थानक उघडलं ऑगस्ट २०२४ मध्ये. म्हणजे यादी मालकाला बदलता आलीच पाहिजे. समजा ॲप बंद न करता मालकाने बंडगार्डन आणि कल्याणीनगरच्या मध्ये येरवडा घातलं. ज्याच्याकडे आवरण आहे त्याला १६ स्थानकं दिसतील, ज्याच्याकडे आधी घेतलेली प्रत आहे त्याला १५. दोन्ही बरोबर असू शकतात. स्क्रीनवर चालू यादी दाखवायची असेल तर १६ हवीत. मेट्रोच्या तिकिटाचा हिशेब चालू असताना मध्येच मोजणी बदलायला नको असेल तर सुरुवातीला घेतलेली १५च हवीत.

आवरण जावात फार जुनं आहे, कलेक्शन्स फ्रेमवर्कबरोबर १९९८ मधल्या १.२ आवृत्तीत आलं. लिस्ट.ऑफ २०१७ मध्ये जावा ९ बरोबर आणि लिस्ट.कॉपीऑफ २०१८ मध्ये जावा १० बरोबर. जुन्या पुस्तकांवर शिकलेली मंडळी म्हणूनच सगळीकडे अनमॉडिफायेबललिस्ट लावतात आणि तिला 'न बदलणारी यादी' म्हणतात. ती न बदलणारी नाही. तिच्यामधून बदलता येत नाही, एवढंच.

यातूनच पुढचा त्रास निघतो. टीममधल्या एकाने मला विचारलं होतं, "ताई, मी नुसती लूप फिरवतोय, काही बदलत नाही, तरी कन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन माझ्याच ओळीवर कसं येतं?" यादी फिरवत असताना ती बदलली की हे एक्सेप्शन पडतं. तो खरंच काही बदलत नव्हता. त्याच्या हातात आवरण होतं आणि मागे ठरावीक वेळी चालणारा एक शेड्यूल्ड जॉब मूळ यादी रिकामी करून पुन्हा भरत होता. आवरण वाचणाऱ्याचे हात बांधतं, मालकाचे नाही. अशा ठिकाणी वाचणाऱ्याने प्रत काढूनही भागत नाही, कारण प्रत काढतानाच मूळ यादी अर्धवट भरलेली असू शकते. प्रत मालकाने काढायची. जॉबने नवी यादी बाजूला पूर्ण भरायची, तिची लिस्ट.कॉपीऑफ करायची आणि शेवटी `व्होलाटाइल` फील्डमध्ये (ज्यातला बदल एकाच वेळी चालणाऱ्या सगळ्या थ्रेडना दिसतो) तो नवा संदर्भ एका झटक्यात ठेवायचा. वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी यादी मिळते किंवा पूर्ण नवी, मधलं काही नाही. गेटर तेच फील्ड परत देतो, आवरणाची गरजच उरत नाही. आमच्या त्या जॉबला हाच उपाय केला.

माझा नियम साधा आहे. यादी थ्रेड ओलांडून, कॅशमध्ये किंवा दुसऱ्या मॉड्यूलला जाणार असेल तर प्रत. एकाच थ्रेडमध्ये, एकाच मालकाच्या डोळ्यांसमोर वापर असेल आणि यादी मोठी असेल तर आवरण, कारण ते बनवायला घटकांची संख्या कितीही असली तरी जवळजवळ काही खर्च नाही. आणि घेतानाही तेच: कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडमध्ये) बाहेरून आलेली यादी तशीच फील्डमध्ये ठेवली, तर देणाऱ्याच्या हातात मूळ संदर्भ राहतोच. गेटरला कुलूप लावून कन्स्ट्रक्टरचं दार उघडं ठेवलेले क्लास मला रिव्ह्यूमध्ये सर्वात जास्त दिसतात. कन्स्ट्रक्टरमध्ये `धिस.स्थानके = लिस्ट.कॉपीऑफ(स्थानके);` लिहिलं की आत आणि बाहेर दोन्हीकडचा प्रश्न सुटतो. आधीच न बदलणारी यादी दिली तर कॉपीऑफ सहसा नवी प्रत बनवत नाही, तीच परत देतं, त्यामुळे खर्चाची काळजी नको. रेकॉर्ड (सेटर नसलेला, फक्त डेटा ठेवणारा जावाचा क्लास) वापरत असाल तरी हे आपोआप होत नाही, तिथेही कॉम्पॅक्ट कन्स्ट्रक्टरमध्ये ही ओळ लिहावी लागते.

आता परतीच्या प्रवासाचं. जावा २१ मध्ये, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून, लिस्टवर `रिव्हर्स्ड()` आहे. ते काही उलटवत नाही, त्याच यादीकडे शेवटाकडून पाहणारा व्ह्यू देतं. मूळ यादी न बदलणारी असेल तर हा व्ह्यूही तसाच. वरच्या तीन ओळींच्या जागी एकच ओळ उरते: परतीचा असेल तर `स्थानके.रिव्हर्स्ड()`, नाहीतर `स्थानके`. पण मूळ यादी साधी ॲरेलिस्ट असेल तर उलट्या व्ह्यूवर केलेलं ॲड थेट मूळ यादीत जातं, हे लक्षात ठेवा. व्ह्यू म्हणजे आपोआप फक्त-वाचनीय असं नाही. जुन्या जावावर असाल तर गूगलच्या ग्वावा लायब्ररीचं लिस्ट्स.रिव्हर्स हेच काम करतं, किंवा सरळ प्रत काढून ती उलटवा. १६ स्थानकांची प्रत काढायला काही लागत नाही.

प्रत काढल्यावर नव्याने येणाऱ्या तक्रारी

कॉपीऑफ लावल्यावर काही ठिकाणी नलपॉइंटरएक्सेप्शन पडतं. लिस्ट.ऑफ आणि कॉपीऑफ आत नल घेत नाहीत. इतकंच काय, अशा यादीला `कंटेन्स(नल)` विचारलं तरी ती उत्तर देण्याऐवजी एक्सेप्शन फेकते. जुन्या डेटात नल असणारच असतील आणि ते आजच्या आज साफ करता येत नसतील, तर अनमॉडिफायेबललिस्टच्या आत नवी ॲरेलिस्ट घाला. प्रतही झाली, कुलूपही लागलं आणि नलही चालले.

मॅपचा, म्हणजे नावावरून किंमत शोधायच्या जोड्यांचा, प्रश्न याहून छुपा आहे. स्थानकांच्या क्रमाने भाडं ठेवलेला, घातलेला क्रम राखणारा लिंक्डहॅशमॅप असतो. कोणीतरी सद्हेतूने मॅप.कॉपीऑफ करतं आणि स्क्रीनवर नळ स्टॉपच्या आधी रुबी हॉल येतं. मॅप.कॉपीऑफ क्रम राखत नाही. शिवाय सेट.ऑफ आणि मॅप.ऑफच्या कुटुंबाचा क्रम जाणूनबुजून प्रत्येक वेळी ॲप सुरू होताना बदलू शकेल असा ठेवलेला आहे, म्हणजे कोणी त्यावर विसंबूच नये. त्यामुळे एका रीस्टार्टनंतर योगायोगाने बरोबर वाटतं आणि पुढच्या रीस्टार्टला बिघडतं. क्रम हवा असेल तर कलेक्शन्स.अनमॉडिफायेबलमॅपच्या आत नवा लिंक्डहॅशमॅप घाला.

आणि घटक स्वतः बदलता येणारे असतील तर यादीला कितीही कुलपं लावा, `यादी.गेट(०).सेटनाव("काहीही")` चालणारच. आवरण आणि प्रत दोन्ही वरच्या थरापुरती. स्थानक हा रेकॉर्ड करा, सेटर काढा. या एका बदलाने आमच्याकडचे कित्येक जुने प्रश्न उद्भवायचेच थांबले, आणि मला तो सगळ्यात जास्त पटलेला बदल आहे.

जावा ८ वरून १७ वर जाणाऱ्या टीमसाठी खास सांगते. आयडीई (कोड लिहायचं साधन) सुचवतं की कलेक्टर्स.टूलिस्टच्या जागी नुसतं टूलिस्ट वापरा, आणि एका क्लिकवर शेकडो ठिकाणी बदल होतो. जुनं प्रत्यक्षात ॲरेलिस्ट देत होतं, नवं न बदलणारी यादी देतं. पुढच्या ओळीत कोणी सॉर्ट किंवा ॲड करत असेल तर ते रनटाइमलाच कळतं, कंपाइलर काही बोलत नाही. हा बदल स्वतंत्र कमिटमध्ये ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी यादी पुढे कुठे जाते ते पाहा. विशेषतः ती हायबरनेटच्या (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीच्या) एंटिटीत जात असेल तर. मर्ज करताना हायबरनेट ती यादी रिकामी करून पुन्हा भरायला जातं आणि ट्रेसच्या वरच्या भागात तुमची एकही ओळ दिसत नाही. एंटिटीच्या आत साधी ॲरेलिस्टच राहू द्या आणि कुलूप बाहेर जाणाऱ्या डीटीओला (फक्त डेटा वाहणाऱ्या ऑब्जेक्टला) लावा. जेसन वाचणाऱ्या जॅक्सन २ लायब्ररीचंही असंच आहे: सेटर नसेल तर ते गेटरने दिलेल्या यादीतच घटक भरू पाहतं. गेटर आवरण देत असेल तर जेसन वाचतानाच पडतं. तिथे कन्स्ट्रक्टरमधून यादी घ्या.

दुसऱ्या भाषांत काम करणाऱ्यांनाही हाच रोग होतो, फक्त तो वेगळ्या रूपात दिसतो. पायथनमध्ये डिक्शनरीसाठी टाइप्स मॉड्यूलमधलं मॅपिंगप्रॉक्सीटाइप आहे, ३.३ पासून, तेही आवरणच, मूळ डिक्शनरी बदलली की त्यातून दिसतं. कोटलिनमधली लिस्ट आणि सी शार्पमधलं आयरीडओन्लीलिस्ट ही इंटरफेसपुरती बंधनं आहेत, मागे साधी यादी असेल तर कास्ट करून (प्रकार बदलून) कोणीही बदलू शकतं. सी शार्पमध्ये ॲजरीडओन्ली वापरलं तर ती वाट बंद होते. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट.फ्रीझ वरच्या थरापुरतंच आहे, आणि मॅपवर लावलं तरी मॅपचं सेट खुशाल चालतं. डेटाबेसच्या व्ह्यूबद्दलही हाच गैरसमज आहे: पोस्टग्रेमध्ये ९.३ पासून साध्या व्ह्यूवर थेट अपडेट चालतो आणि मूळ टेबल बदलतं. रिपोर्टिंगच्या युजरला व्ह्यूवर फक्त सिलेक्टचा हक्क द्या.

तिकीट बंद करण्याआधी दोन टेस्ट लिहा. पहिली: गेटरने दिलेल्या यादीत ॲड करून पाहा आणि एक्सेप्शनची अपेक्षा ठेवा. ही सगळे लिहितात. दुसरी बहुतेक जण विसरतात: कन्स्ट्रक्टरला यादी द्या, मग बाहेरची मूळ यादी रिकामी करा आणि ऑब्जेक्टकडे अजून १६ स्थानकं आहेत का ते तपासा. परतीची विनंती लागोपाठ दोनदा करून दोन्ही वेळा पहिलं स्थानक रामवाडी येतं का, हेही त्याच टेस्टमध्ये पाहा, एकाच 'मार्ग' ऑब्जेक्टवर. तुलना करताना अनमॉडिफायेबलकलेक्शनमध्ये गुंडाळलेल्या मॅपच्या व्हॅल्यूज थेट इक्वल्सला देऊ नका. ते आवरण आतल्या घटकांची तुलना करतच नाही, त्यामुळे घटक तेच असूनही टेस्ट लाल येईल. आधी दोन्हीकडची लिस्ट करा, मग तुलना करा.